मालनताईची आई आली होती

हे मी प्रार्थनेतसुद्धा कधी शेवटपर्यंत बोललेली नाही. रविवारी उपासनेत मनातली पापं कबूल करायला थोडी शांतता देतात ना — तेवढ्यात मी रागाचं बोलते, चहाडीचं बोलते, आणि हे आलं की डोळे उघडते. देवाला माहीतच आहे म्हणून सोडून देते. पण माणसाला सांगणं वेगळं. तुम्हाला सांगते. मध्येमध्ये अडखळेन.

मी जालन्याकडची. बाप गेला, सातवीतून शाळा सुटली, आणि ओळखीच्या एका बाईनं कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लावलं. इथलं ठसक्यातलं बोलणं ऐकून आधी वाटायचं, सगळे माझ्यावर चिडलेलेच आहेत. मग मला कावीळ झाली. घरी जा म्हणाले — घर कुठं होतं जवळ? आमच्या चर्चच्या मंडळीतली मालनताई मला स्वतःच्या घरी घेऊन आली. ती कपडे शिवायची, तिचा नवरा, म्हणजे दादा, फाउंड्रीत. दोन खोल्या. "उसाचा रस पी आन् गप पड," म्हणाली. मी बरी झाले, पण ते घर काही सुटलं नाही.

मालनताई जन्मानं ख्रिस्ती नव्हती. गडमुडशिंगीच्या शेतकरी घरातली. दादांशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि माहेर तुटलं. आईचा विषय निघाला की ती शिलाई मशीन जोरात चालवायची. त्यांना एकच मुलगी, सलोमी. तिनं आजी कधी बघितलीच नव्हती. "मला आजी न्हाय व्हय?" विचारायची, आणि मग मलाच म्हणायची, तू हो की. मी लग्नाच्या वयाची आजी.

सलोमी मेंदूज्वरानं गेली. पहिलीत होती. नव्वदीची शेवटची वर्षं असतील.

त्या दिवसापर्यंत मी येते आणि मागं वळते. बघा, आत्तासुद्धा उसाच्या रसाचं सांगत बसले.

पेटी आधी चर्चमध्ये नेली, तिथून दफनभूमीत. ताई सारखी चक्कर येऊन पडत होती म्हणून तिला घरीच ठेवलं. आतल्या खोलीत मंडळीतल्या दोन बायका तिच्याजवळ बसून हळू आवाजात गीत म्हणत होत्या. मी बाहेर, चहाला आणि दाराला. कुणीतरी जाताना म्हणालं होतं, दार सांभाळ, गलका होऊ देऊ नको. तेवढंच म्हणालं होतं. पुढचं सगळं माझं.

गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. इकडं रीतच आहे — दुःखाच्या घरी येणारी बाई कोपऱ्यापासून रडत येते, घरची बाई उठून बाहेर येते, दोघी गळ्यात पडतात. बोलणं नंतर. पाहिलं तर एक म्हातारी, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. चेहरा मालनताईचाच, सुरकुतलेला. ती कोण हे मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

मी धावत गेले आणि तिला कोपऱ्यावरच धरलं. म्हणाले, "आजी, इथं रडायचं नाही. आमच्यात रडत नाहीत."

खोटं होतं ते. माझा बाप गेला तेव्हा माझ्या आईनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं, आणि आम्ही पिढ्यांचे ख्रिस्ती. तेव्हा भेटीला आलेल्या एका शिकलेल्या बाईंनी नाक मुरडलं होतं — पुनरुत्थानाची आशा असणाऱ्यांनी असं करावं का? ती लाज पोटात घेऊन मी इतक्या लांब आले होते. वाटलं, हा आवाज आत गेला तर लोक म्हणतील, मालनच्या घरात अजून जुनंच चालतंय. ताईची अब्रू राखत होते का मी? की माझी? दार माझ्या ताब्यात होतं. तोवर माझ्या ताब्यात कधी काही आलंच नव्हतं.

बायबलात प्रभू स्वतः मित्राच्या कबरेजवळ रडला, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही. आठवलं असतं तरी — कोण जाणे.

म्हातारीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी सांगितलं, शांत झालात की आत या. तिनं प्रयत्न केला, माझ्या डोळ्यांदेखत केला. खांदे थांबेनात. मग म्हणाली, "न रडता कशी भेटू गं लेकीला? लई वर्सांनी आलोय."

तिनं भाकरीचं गठुळं माझ्या हातात दिलं. "चूल पेटली नसंल. तिला खाऊ घाल." आणि वळली. भिंतींना हात लावत लावत बसथांब्याकडं गेली. मी हाक मारली नाही.

आत आले. ताई डोळे मिटून बसलेली. म्हणाली, "भाईर कोण आलंय? आईसारखं वाटलं मला."

इथं तरी बोलता आलं असतं. म्हातारी अजून थांब्यावरच असणार. त्या दोघी गाणं थांबवून माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "कुणी नाही, ताई. भास होतो असा." भाकरी शेजारणीनं दिल्या म्हणून सांगितलं. ताईनं त्यातली चतकोर खाल्ली.

पुढं मंडळीतले लोक भेटायला यायचे, प्रार्थना करायचे, म्हणायचे, किती धीराची बाई, डोळ्यांत टिपूस नाही. ताई फक्त एकदा बोलली, माझ्याबरोबर शेंगा निवडताना. "पोर गेली तरी आली न्हाय बघ. एवढं काय केलतं मी?" मी शेंगा मोडत राहिले.

काही वर्षांनी, घरात मोबाईल आल्यावर, तिच्या भावाचा फोन आला. आई गेली. म्हातारी त्या दिवशी घरी न सांगताच आली असावी, कारण त्यानं तो विषय काढला नाही. दादा म्हणाले, चल, रिक्षा बोलावतो. ताई म्हणाली, "माझ्या लेकीच्या मातीला ती आली न्हाय. मी तिच्या मातीला न्हाय जायची."

दादांनी माझ्याकडं बघितलं — तू समजाव हिला. मी? माझ्याजवळ एक वाक्य होतं. ते बोलले असते तर ताई चपला न घालता पळत सुटली असती. मी म्हणाले, "तुझी इच्छा, ताई." मग तिच्याजवळ बसून मोठ्यानं प्रार्थना केली. शोक करणाऱ्यांचं सांत्वन कर, असं देवाला सांगितलं. मी सांगितलं.

आता कुणाकडं काही झालं की मंडळी मला पाठवते. म्हणतात, हिला दुःखात बसायला जमतं. मी जाते, गप्प बसते, कुणी रडत आलं की दारातून बाजूला होते. त्यानं काही फिटत नाही.

ताई आहे. थकली आहे. अजून माझ्या ताटात आधी वाढते. हे न कळताच ती जाईल, याची मला भीती वाटते. आणि — खरं सांगते — तसंच व्हावं, असंही वाटतं.