मान हलवून केलेला कोर्स

न कळलेल्या गोष्टीला "व्हय" म्हणायची सवय मला लहानपणापासूनच असावी, पण लग्नानंतर ती पक्की झाली. सासुरवाडी अक्कलकोटकडची, घरात सगळे कानडी बोलतात. वीस वर्षं मी नुसती मान हलवून निभावलंय. एकदा मेव्हण्याच्या कसल्याशा बोलण्याला जरा जास्तच जोरात मान हलवली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोत बसून त्याच्याबरोबर सांगोल्याच्या बाजाराला शेळ्या आणायला निघालो होतो. तरी सुधारलो नाही.

सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी कटिंग मास्तर आहे. पुठ्ठ्याचा नमुना कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, कापायचं. सत्तावीस वर्षं हेच. गेल्या दिवाळीनंतर मालकांनी बोलावलं.

"मास्तर, नमुने काढायला कॉम्प्युटर घेतोय. हंगामाआधी येईल. तुमी शिकला तर ती खुर्ची तुमची. नाहीतर पुण्याहून माणूस आणावा लागंल. जमंल का?"

"व्हय की!" मी म्हणालो. तोवर आलेला फोटो पुढं ढकलणं एवढीच माझी कॉम्प्युटरविद्या होती.

पुण्याचा माणूस आला तर माझी नोकरी गेली नसती. पण मास्तर तो झाला असता, आणि मी त्यानं सांगितलेलं कापत बसलो असतो. ते मला लई झोंबलं.

चौकशी केली तर कोर्स दोन प्रकारचे निघाले. एक लाइव्ह, रोज संध्याकाळी साडेसातला, समोर शिकवणाऱ्या मॅडम. दुसरा रेकॉर्ड केलेला, आपल्या सवडीनं कधीही बघायचा. बायको म्हणाली, "लाइव्ह घ्या. कुणी समोर उभं असल्याबिगर तुमी कुटलं काम केलंय?"

लाइव्हचा पहिला आठवडा फुकट होता, म्हणून मोबाईलवरच बसलो. मॅडम सारख्या विचारायच्या, "समजलं का?" आणि आम्ही तीसेक जण ओरडायचो, "येस मॅडम!" त्यात माझा आवाज मोठा. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही छान उत्तर देताय. तुमची स्क्रीन शेअर करा आणि बाही काढून दाखवा."

जन्मात पहिल्यांदा मला कुणी सर म्हटलं होतं, आणि मी फोनच बंद केला. बायकोला म्हटलं, नेट गेलं. ती त्याच नेटवर तिच्या मोबाईलवर मालिका बघत होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी रेकॉर्ड केलेला कोर्स घेतला आणि घरात भाषण ठोकलं, की नोकरी करणाऱ्या माणसाला वेळेचं बंधन परवडत नाही. पोरांच्या पँटला आम्ही खाली दोन इंच कापड दुमडून ठेवतो, पोरगं वाढलं की सोडायला. मी रोजचा पाठ तसाच दुमडून ठेवत गेलो. कॉम्प्युटर यायची तारीख कळली तेव्हा आठच दिवस उरले होते. मग व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवले. त्यातली बाई चिमणीसारखी बोलत होती आणि मी चहा पीत मान हलवत होतो.

"अवो, ती बाई तुमाला बघत न्हाय," बायको म्हणाली. "मान कुणाला हलवताय?"

शेवटी सगळ्या पाठांपुढं 'पूर्ण' म्हणून हिरवी खूण आली आणि सर्टिफिकेट आलं. मी ते स्टेटसला लावलं. कारखान्यात एक किलो पेढे वाटले. शिलाईच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही मी घेतल्या.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी मालक म्हणाले, "मास्तर, नारळ फोडा आणि अठ्ठावीस मापाचा शर्ट काढून दाखवा." नारळ एका दणक्यात फोडला. तेवढं येत होतं. मग खुर्चीत बसलो. मागं अख्खा कारखाना उभा. पडद्यावर वर-खाली सगळीकडं बारकी बारकी चित्रं. मी माउस हलवला, तर बाण कोपऱ्यात जाऊन बसला. आणि देवाशप्पथ, मी त्या पडद्याकडं बघून मान हलवली.

मी माउस सोडला. खुर्ची मागं वळवली.

"मालक," मी म्हणालो, "मला न्हाय येत."

"मग आमी पेढे कशाचे खाल्ले?" शिलाईची एक बाई म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, पण मला रडू येत होतं. मालक हसले नाहीत. म्हणाले, "एक महिना. मग मी पुण्याला फोन लावणार."

पुन्हा लाइव्ह. त्याच मॅडम, नवी बॅच. कालचा पाठ कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर गिरवून मी सात वाजता निघायचो, घरी येऊन तोंड धुवायचो आणि बायको शेजारी भाजी निवडत बसायची, नेट जाऊ नये म्हणून. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "समजलं का?"

"येस मॅडम!"

बाकीचे ओरडले, मी मात्र माइक चालू केला. "मॅडम, मला न्हाय समजलं. बाही परत सांगा."

मला वाटलं, पितळ उघडं पडलं, आता सोलापूरची अब्रू गेली. तेवढ्यात पडद्यावर शंका विचारायचा एक पिवळा हात वर आला. मग दुसरा, मग सात-आठ. सगळ्यात मोठ्यानं "येस" म्हणणारा गडी म्हणाला, "मॅडम, मलाही नाही समजलं." बायको भाजी निवडायची थांबली आणि माझ्याकडं बघून हसली.

महिना संपला त्या दिवशी मालक माझ्या मागं येऊन उभे राहिले, हातात फोन. मी शर्टाची पुढची बाजू काढली. पाठ काढली. बाही काढताना दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमली. मग थांबलो.

"जमंल का पुढचं?" त्यांनी विचारलं.

'व्हय की' ओठावर आलंच होतं. गिळलं. "कॉलर अजून येत न्हाय, मालक. आज साडेसातला विचारतो."

त्यांनी पडद्यावरची बाही एकदा बघितली. मग फोन खिशात टाकला.

"विचारा," ते म्हणाले. "आणि पेढे कॉलर झाल्यावरच आणा."