यमुनाबाईंच्या जीपमधली डावी जागा

डॉ. यमुनाबाई कुनघाडकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. पाय सोडून त्या पूर्ण जीपखाली होत्या. कुरखेड्याच्या शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो आणि हिवतापाने कुडकुडत दवाखान्याच्या अंगणात आलो होतो. गाडीखालून आवाज आला, "ताप का पोट?"

"ताप," मी म्हणालो.

"मंग बसा सावलीत. तुम्ही आज मरत नाई. ही गाडी मात्र मरून राह्यली."

थोड्या वेळाने चिंधीला हात पुसत त्या बाहेर आल्या, हात धुऊन नाडी पाहिली, कोयनेल दिले आणि घरी कोण असते म्हणून विचारले. कोणी नाही, एवढेच मी सांगितले. पत्नी वारल्यावर मी बदली मागून इकडे आलो होतो, हे सांगितले नाही. त्यांनीही पुढे विचारले नाही. मी बरा झाल्यावर मात्र शाळेत निरोप आला: बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या आहेत, बाईंचे अक्षर कोणाला वाचता येत नाही, गुरुजींनी संध्याकाळी येत जावे. त्यांचे अक्षर मी नंतर पाहिले. ते छापल्यासारखे स्वच्छ आहे.

बाईंचे मोठे काम दवाखान्यात नव्हे, रस्त्यावर झाले. चांदा जिल्ह्याच्या या भागातली गावे रानात विखुरलेली. रोगी दवाखान्यापर्यंत येईतो उशीर होतो, म्हणून दवाखान्याने रोग्यापर्यंत गेले पाहिजे, हे त्यांनी ठरवून टाकले होते. जीप त्या स्वतः चालवत. बाई गाडी चालवते हे पाहायला सुरुवातीला गावेच्या गावे जमत, असे जुने लोक सांगतात.

मी आल्यानंतर दोनेक वर्षांनी एका नाल्याच्या काठावरून घसरून बाई पडल्या. नागपूरला कित्येक महिने राहून परतल्या त्या कुबडी घेऊन. डाव्या पायात जोर उरला नव्हता. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाने सांभाळता येत होते, पण क्लच दबेना, आणि क्लच दबल्याशिवाय गिअर पडत नाही. दवाखान्याच्या समितीने ड्रायव्हर ठेवून पाहिले. एक तापाला भ्याला, दुसरा वाघाला. फेऱ्या बंद पडल्या. बाई ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत. त्यांना तसे पाहणे मला फार जड जाई.

उपाय त्यांनीच काढला. टोकाला बेचके असलेली एक सागाची काठी त्यांनी तोडवून आणली आणि मला डावीकडे बसवले. बेचके क्लचच्या पेडलवर टेकवायचे. बाई म्हणाल्या "दाबा" की दाबायचे, "सोडा" की हळूहळू सोडायचे. मी बी.ए. झालेला माणूस, हळूहळू म्हणजे किती हळू हे मला बरेच दिवस कळले नाही. गाडी बेडकासारखी उडे. मागच्या बाकावरचे रोगी ओरडत, "गुरुजी, पोरं शिकवा, गाडी नोका शिकवू!" गावोगावी मला "डॉक्टरबाईचा डावा पाय" असे नाव पडले. हाक मारून चिडवत, "काऊन डावा पाय, आज लंगडून नाई राह्यला?" बाई मनापासून हसत.

त्या दिवसांबद्दल मी जपून लिहितो आहे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत भरलेले दिवस होते, आणि बाईंच्या या गौरवग्रंथात आपल्या सुखाविषयी लिहिणे योग्य नाही. पण सुट्टीच्या दिवशी रानातल्या रस्त्याने, बाईंच्या दोन शब्दांवर लक्ष ठेवून जाताना मी कोणाशीही न बोलणारा माणूस राहिलो नव्हतो, हे न लिहिणेही अप्रामाणिकपणाचे होईल.

मग एका रविवारी आम्ही आतल्या एका गावाहून अडलेल्या बाळंतिणीला आणले. पुढची डावी जागा माझी होती, म्हणून तिला मागे, उघड्या बाकांच्या मधल्या फळीवर गवत पसरून निजवले. सासू तिला धरून बसली होती. इकडचा खड्ड्यांचा रस्ता तुम्हांला ठाऊक आहे. बाळंतीण वाचली, मूल वाचले नाही. ते गाडीच्या धक्क्यांनी गेले असे डॉक्टर म्हणून यमुनाबाई कधी म्हणाल्या नाहीत. मलाही म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या लिहीत असताना त्या एवढेच बोलल्या, "पुढे टेकून बसता आलं असतं तिले. अन् गुरुजी, तुमची शाळा असते त्या दिवशी जे अडतात, त्यांचं काय?"

मी लेखणी खाली ठेवली.

वडशाला करीमभाई नावाचे कारागीर लाकूड वाहणाऱ्या ट्रकांची दुरुस्ती करतात. बाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. काठी पाहून करीमभाई म्हणाले, "बाई, गाडी तुमची, पाय तुमचा. मंग गुरुजी कायले मधात?" त्यांनी पेडलला एक लोखंडी दांडा जोडला. दांड्याचे वरचे टोक स्टिअरिंगच्या चाकाच्या डाव्या बाजूला, हाताला येईल असे. मागे ओढला की पेडल खाली जाई. आम्हां तिघांनाही वाटले, झाले काम. बाई बसल्या, दांडा ओढला, आणि तशाच थांबल्या. डावा हात दांड्यावर, उजवा चाकावर. गिअर टाकायला हात कुठला? सोडला हात तर क्लच सुटतो.

करीमभाई कपाळाला हात लावून खाली बसले. "या अल्ला! तिसरा हात कुठून आणू?"

माझ्या तोंडून निघून गेले, "गिअर मी टाकत जाईन."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. रागाने नाही. त्या उतरल्या, कुबडी टेकत मोडक्या ट्रकांच्या ढिगापाशी गेल्या आणि एका हातब्रेकला हात लावून म्हणाल्या, "करीमभाई, हा ओढला की ओढलेला राहते, नाई? वरचं बटण दाबलं की सुटते. हे माझ्या दांड्याले लावा."

बटणाचा तो खटका दांड्यावर बसवायला करीमभाईंना आठवडा लागला. मग स्टेशनमागच्या मैदानात बाई गाडीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, उतरा." दांडा ओढला, खटका बसला, हात मोकळा झाला, गिअर पडला, पुन्हा दांडा धरून बटण दाबून त्यांनी क्लच असा सोडला की गाडी कधी निघाली ते कळलेच नाही. मैदानाला फेरी मारताना त्यांचा चेहरा पाहून करीमभाईंनी डोळे पुसले. मी काठी धरून उभा होतो. मला आनंद झाला होता, हे मी त्या दिवशीच्या रोजनिशीत लिहिले आहे आणि ते खरे आहे. परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा प्रत्येक चढावर माझे हात काठी दाबल्यासारखे आपोआप पुढे जात होते, हेही खरे आहे.

तेव्हापासून बाई एकट्या जातात. मी सोबत येऊ का, असे एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "ती जागा आता बाळंतिणीची आहे, गुरुजी." मग म्हणाल्या, "जाताना मी मोठ्यानं म्हणते कधी कधी, दाबा, सोडा. सवय आहे. रानात ऐकते कोण?"

इतके एकटेपण त्यांनी कोणालाही ऐकवल्याचे मला माहीत नाही. ते इथे लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. लिहिले ते अशासाठी की, या जिल्ह्यातल्या ज्या आया त्या डाव्या जागेवर टेकून दवाखान्यात आल्या आणि मूल घेऊन घरी गेल्या, त्यांनी त्या जागेची किंमत कोणी दिली ते जाणावे.

शाळेपाशी रस्ता नाल्याकडे वळतो. जीपचा आवाज आला की मी वर्गाच्या दारात येतो. त्या वळणावर गिअर बदलावा लागतो. बाईंचा एक हात चाकावर, एक दांड्यावर असतो. हात हलवता येत नाही, भोंगा वाजवता येत नाही. त्या फक्त मान हलवतात. जाताना जागा रिकामी असते. येताना बहुधा तिथे कोणी कण्हत बसलेले असते. मान तेव्हाही हलते.

यमुनाबाईंना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या हातांतला जोर आणि दांड्यावरचा खटका शाबूत राहो. ती जागा सदैव भरलेली राहो, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे लोकांनी आजारी पडावे असे म्हणणे. उलट माझी इच्छा अशी की, इकडची गावे इतकी धडधाकट व्हावीत की एखाद्या दिवशी येतानाही ती जागा रिकामी असावी, आणि त्या वळणावर गाडी थांबवून बाईंनी म्हणावे, "गुरुजी, बसा."