फोनच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका हट्टी मास्तर अख्ख्या नवी मुंबईत दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळत बसतात. काकांनी सानपाड्याला मोबाइल शिकवायचं व्रत घेतलं. व्रताचा नियम एकच, दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. शिकवताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. "मी दाबलं तर मला येईल. तुम्हाला काय येईल?" एकदा वॉचमनला लिफ्टमध्येच गॅस बुक करायला शिकवायला लागले. सात मजल्यांत काम होईना, म्हणून लिफ्ट चार वेळा खालीवर फिरवली. खाली दूधवाला सोसायटीच्या नावाने शंख करत होता. मी आधारचा पत्ता बदलायला त्यांच्याकडे दुपारी गेलो आणि दिवेलागणीला सुटलो. मी चुकीचं बटण दाबलं की काका ओठ चावत, डोळे मिटत, पण हात काही सोडत नसत. शेजारधर्म आडवा आला, नाहीतर फोन खाडीत भिरकावला असता.

गुरुवारी चार वाजता जुन्या गावातल्या देवळात त्यांचा वर्ग भरतो. विद्यार्थिनी सगळ्या आगरी म्हाताऱ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढायचा होता: फोनसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, की सरकारला पटतं आपण जिवंत आहोत. एका आजीबद्दल मात्र ते फोनला काही केल्या पटेना. तिची नवऱ्यामागची पेन्शन त्या दाखल्यावर अडलेली. मी खुर्च्या मांडायला गेलो होतो, तोही तिला डोळे मिचकावून दाखवून दमलो.

"मास्तर, मी जिती हाय ना? मंग ह्यो फोन मना मेलेली का समजतं?" आजी रडकुंडीला आली.

काकांनी वाकून पाहिलं. दसऱ्याला घरातल्या हत्यारांबरोबर आजीने फोनचीही पूजा केली होती. कुंकू लावलं ते बरोबर कपाळावर, म्हणजे समोरच्या कॅमेऱ्यावर, आणि दर मंगळवारी ते ताजं करत होती.

"पुसा ते," काका म्हणाले.

"नाय पुसनार. माझा पुसला तवा कोनी इचारला नाय. आता ह्याचा मी पुसू?"

मला वाटलं, आज नियम मोडणार. काका फोन हिसकावून रुमालाने पुसणार. पण ते तसेच उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "पुसू नका, आजी. बोटाने उचला. आणि तुमच्या कपाळाला लावा."

आजीने आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. तिने बोटाने कुंकू उचललं, लावलं, उरलेलं पदराने टिपलं आणि फोन समोर धरला. डोळे मिचकावले. झाला दाखला.

काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "चला, पुढचं कोण?" पण कुणी उठलंच नाही. आजी अजून फोनमधल्या स्वतःकडे बघत होती.