किल्ली माझ्या पर्समध्ये होती

"मग तू वर काय करतेस? खाली जा. लाभार्थ्यांत बस."

आमच्या कंपनीचे सर हे माइकवर बोलले. सिव्हिल लाइन्समधलं थंडगार सभागृह. पुढे पाहुणे, पडद्यावर मी घरोघरी फिरून भरलेला नकाशा. कोरोनानंतर शहर नव्यानं कसं उभं राहणार, त्याचा आराखडा. जरीपटक्यामागचा आमचा नाला पडद्यावर हिरवागार झाला होता. चालायला वाट, बसायला बाक. सर पाहुण्यांना सांगत होते, काठावरची घरं लॉकडाऊनपासून रिकामीच आहेत, कोणाला हलवायचा प्रश्नच नाही. मी मंचाच्या कडेला बसले होते. उठून म्हटलं, "सर, मी तिथंच राहते." त्यावर त्यांनी मला खाली पाठवलं.

लोक हसले. मी उतरले. मागच्या रांगेत बसले, कंपनीचं ओळखपत्र ओढणीखाली सारलं.

पण सर खोटं बोलले नव्हते. कागदावर तसंच होतं. आणि कागद माझा होता.

महापालिकेसाठी आमची कंपनी करत असलेल्या पाहणीचा नियम साधा. दोन फेऱ्या करायच्या. दोन्ही वेळा कुलूप दिसलं की दारावर गेरूनं फुली, फॉर्मवर 'रिकामे'. फेऱ्या अकरा ते चार, कारण कंपनीची गाडी तेव्हाच मिळे. त्या वेळी नाल्याकाठच्या आमच्या घरांच्या ओळीत कोण असतं? बाया मनीषनगरात धुण्याभांड्याला, माणसं बांधकामावर. हे मला माहीत नव्हतं? मी त्याच ओळीत वाढले. पण मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वस्तीतली पोरगी आपल्यांकडे झुकली, असं कोणी म्हणू नये म्हणून फुल्या मारत गेले. आमच्या दारावरही मारली. आई कामाला गेली होती. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

सभागृहातून मी घरी पोचायच्या आधी, घरं मीच रिकामी लिहिल्याची बातमी पोचली होती. शेजारची कमलमावशी तिच्या फुली मारलेल्या दारात उभी. तिचा नवरा कोरोनात त्याच घरात गेला. तिनं आवाज चढवला नाही.

"तू मले रोज नळावर पाहते ना वं? मग मी इथं राहून नाही राहिली काय?"

तिच्याकडून येणारी भाजीची वाटी त्या दिवसापासून बंद झाली. नळावर मी गेले की बोलणं थांबतं. त्याच रात्री आई म्हणाली, फॉर्मवर सही करून टाक, घरात एक तरी धड नोकरी राहू दे.

सही दुसऱ्या दिवशी करायची होती. फॉर्मच्या शेवटच्या पानावर, 'प्रत्यक्ष पाहणी केली' याखाली. सर गोड बोलले. कालची गंमत होती म्हणाले. मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस. त्या लोकांसारखी वागू नकोस."

"मी त्याच लोकांतली आहे, सर. आणि हा फॉर्म मी चुकीचा भरला आहे."

सहीच्या जागी लिहिलं: ही घरं राहती आहेत, नोंद माझ्याकडून चुकली. खाली पूर्ण नाव. ओळखपत्र टेबलावर ठेवून निघाले. कोणी थांबवलं नाही. वस्तीतही कोणी शाबास म्हटलं नाही. म्हणावं तरी काहून?

उद्या सकाळी सहाला निघणार आहे, बाया कामावर जायच्या आत. दार वाजवीन, शिव्या ऐकीन, आतली माणसं एकेक नावानं लिहीन. तो कागद महापालिकेत देऊन पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही. पहिलं दार कमलमावशीचं. तिनं नाही उघडलं, तर परवाही पहिलं तिचंच.