बर्लिनची भिंत आणि आमची कॉलनी

जगाच्या इतिहासातले थरारक प्रसंग सांगायची मला भारी हौस आहे. हर्सूलला आमच्या आणि शेजारच्या कॉलनीच्या मध्ये एक भिंत होती. तिच्यामुळं बसस्टॉपला जायला मोठा वळसा पडायचा. दोन्ही कॉलन्यांच्या बैठकीत मी उठलो आणि बर्लिनची भिंत कशी पडली ते रंगवून सांगितलं. सीमा कधी खुली होणार, या प्रश्नावर एक अधिकारी पत्रकारांसमोर चुकून ‘आत्तापासूनच’ म्हणाला आणि लोक भिंतीकडं धावले!

बायको हळूच म्हणाली, “अहो, बसा खाली. ती भिंत आपल्याच खिडकीपाशी आहे.”

टाळ्या पडत होत्या, त्यामुळं मी बसलो नाही.

दुसऱ्याच दिवशी लोकांनी भिंतीला खिंडार पाडलं, नेमकं आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. आता तिथून दिवसभर हॉर्न वाजवत स्कूटर जातात. वैतागून मी एका स्कूटरवाल्याला अडवलं, तर तो म्हणाला, “काका, तुमच्यामुळंच झालं की हे! लई भारी बोलले तुम्ही त्या दिवशी.”

झालं, माझा राग विरघळला. त्याला घरात बसवून मी फ्रान्सची राज्यक्रांती सांगायला घेतली.