काशीरामबुवाने फिरवलेली चाल

काशीरामबुवाला चाल सुचायची नाही, सापडायची. घाटकोपरला टेकडीखाली त्याची चाळ. समोर गुजरात्यांची वाडी, तिथला नवरात्रातला गरबा घे. नाक्यावरच्या इराण्याचा रेडिओ दिवसभर सिनेमाची गाणी ओकायचा, त्यातलं कडवं घे. मरोळला किरिस्तावांच्या लग्नात बँड ऐकला, त्यातली लकेर उचल. सगळं अभंगात घालून असं काही ढवळायचा की समोरच्या मंडळाची बोलतीच बंद! भजनाच्या सामन्याला, म्हणजे बारीला, दोन मंडळं आमनेसामने बसली की लोक विचारायचे, "आज बुवा नवीन काय आणतोय?" आणि बुवा आणायचाच. जुन्या खोडांनी नाकं मुरडली. मुरडेनात का! त्यांच्या बारीला कुत्रं फिरकत नव्हतं.

पण पन्नाशी जवळ आली नि बुवा थकला. सकाळपाळीला कुर्ल्याच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यासमोर उभं राहायचं, खडखडाटाने डोकं बधिर, कापसाच्या धुळीने गळा बसलेला. घरी यावं तर मंडळाची माणसं दारात. बुवा, नवी चाल! हो हो म्हणता म्हणता माणूस पार पिळून निघाला होता.

त्यात आईने अंथरूण धरलं. रुक्मिणीबायने सारा जन्म गावी काढला आणि शेवटी लेकाच्या खोलीत कोपऱ्यात येऊन पडली. औषध नको, डॉक्टर नको. एकच धोशा.

"काशिरामा, तुझ्या बापाशीची चाल लाव रे एकदा. ती ऐकलंय की मी सुटलंय."

बापाने गावच्या देवळात एकच अभंग एकाच चालीत जन्मभर म्हटला. काशीरामने मुंबईत येऊन पहिली फिरवली ती हीच, आणि पहिली बारी मारली तीही हिच्यावरच. आता आईपुढे टाळ घेऊन बसला, पहिला चरण लावला, तर दुसऱ्याच शब्दाला गरबा घुसला. म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली, "ही न्हय." पुन्हा लावली, तर इराण्याचा रेडिओ. "ही न्हय रे!"

"अहो, नीट आठवा ना," शेगडीपाशी बसलेली त्याची बायको मालन म्हणाली.

काय डोंबल आठवणार! आमटीत विरघळलेलं मीठ कधी कुणी वेचून काढलंय?

रविवारी बुवा मुलुंडला धाकूकडे गेला. धाकू बापाच्या साथीला मृदंग वाजवायचा, आता लेकाकडे राहत होता. म्हातारा हरखला. मांडीवर ठेका धरून त्याने चाल लावली खणखणीत. ती काशीरामचीच होती, गरब्यासकट.

"धाकूकाका, ही माझी चाल. बाबांची म्हणा ना."

"खुळो की काय तू! हीच ती. गावात पण हीच म्हणतत."

बुवाला संताप आला, पण करणार कुणावर? चाल त्याची, वाहवा त्याची. जिकडेतिकडे तोच जिंकला होता, आणि बापाचं कुठे काही उरलं नव्हतं.

उरलं होतं ते फक्त आईच्या कानात. आणि तिला तर गाता येत नव्हतं. बायका त्या भजनात बसत नसत. जन्मभर देवळाच्या पायरीवरून तिने नुसतं ऐकलं होतं. मग मायलेक रोज संध्याकाळी बसू लागले. तो एक शब्द म्हणे. ती बोट वर करी, म्हणजे सूर चढव. बोट खाली, म्हणजे उतर. न्हय. न्हय. पाळी करून आलेल्या माणसाच्या पापण्या मिटायच्या, घसा सोलपटून निघायचा. एकदा तर तो ओरडलाच, "पुरे कर गे आये, माझ्यान होणा नाय!" आणि मग लाजेने रडला. म्हातारीने बोट पुन्हा वर केलं.

अखेर एका संध्याकाळी पहिला चरण जुळला. साधासुधा, जागच्या जागी फिरणारा, टाळी घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हीच ती! आता पुढचा म्हण."

"उद्या म्हणुया, आये." दमला होता हो बिचारा. बसल्या जागी आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत निरोप आला.

आपल्याकडे तिरडीपुढे भजन लागतंच. मंडळ टाळ-मृदंग घेऊन उभं राहिलं. बुवाने पहिला चरण लावला, बापाचा, जसाच्या तसा. मागच्यांना वाटलं, दुःखाने बुवाचा सूर ढळला. त्यांनी मायेनेच त्याला सावरून घेतलं, दुसरा चरण मोठ्याने उचलला, बुवाच्या गाजलेल्या चालीत, गरब्याच्या ठेक्यावर. काशीरामने त्यांना थांबवायला हात वर केला. पण थांबवून पुढे म्हणायचं काय, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? त्याने हात खाली घेतला आणि त्यांच्यात सूर मिळवून चालू लागला.