पिल्लानं ओढलेली चप्पल

सकाळपासून घरात त्या कुत्र्याच्या पिल्लाचंच राज्य. त्यानं दुधाची वाटी सांडली तर सूनबाई हसते. माझ्या हातून चहा सांडला तर म्हणते, "आबा, जरा बघून!"

नात दीड वर्षाची, नुकती बोलायला लागलीय. तिचे सगळे शब्द त्या पिल्लाच्या मागनं येतात. ते सुटलं की "पळ", त्यानं बादलीत तोंड घातलं की "पाणी". मी समोर बसून "आबा म्हण, आबा" करतो, तर ती माझ्याकडे बघतही नाही. खरं सांगतो, कुत्र्यावर जळतो मी.

दुपारी तर हद्द झाली. आमची ही गेली तेव्हा तिची लुगडी तेराव्याला वाटून टाकली, पण रोजचा चपलांचा जोड दाराशीच राहिला. उचलायला कुणाचा हात धजला नाही, माझाही नाही. आज पिल्लानं त्यातली एक घरात ओढून आणली, चावली आणि तिच्यावरच डोकं टेकून झोपलं. जनावराला लाज नसते, ते एक त्याचं बरं असतं. म्हाताऱ्यानं असं केलं तर लोक काय म्हणतील?

मी उठलो आणि चप्पल हिसकावली. पिल्लू केकाटलं. नात धावत आली, डोळे भरलेले.

"आबा, दे!"

पहिल्यांदा आबा म्हणाली, तेही त्याच्यासाठी.

दिली. दुसरी चप्पल अजून दाराशीच होती. ती मी उचलून आणली आणि सगळ्यांदेखत मांडीवर घेऊन बसलो.